घरात उजेड हवाय? भिंत फोडायच्या आधी हे सगळं याच क्रमाने करा

घर अंधारं आहे म्हणून फोन येतो तेव्हा समोरच्याचं उत्तर आधीच ठरलेलं असतं, खिडकी मोठी करायची. नाहीतर सगळं घर पांढरं करायचं. नाहीतर आरसे लावायचे, ते कुठल्यातरी रीलमध्ये बघितलेले असतात. मी घरांच्या इंटिरियरची कामं करते, जास्त करून पुण्यात आणि थोडी मुंबई-कोकणात, आणि हे तिन्ही करून झाल्यावरही भर दुपारी ट्यूबलाइट लावून भाजी चिरणारी घरं मी भरपूर पाहिली आहेत. पैसे गेलेले असतात, महिनाभर धूळ खाऊन झालेली असते आणि ओट्यावर मात्र तोच काळोख. उपाय वाईट नसतात, क्रम उलटा झालेला असतो.

एक गोष्ट आधी डोक्यात पक्की करा कारण पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. ऊन वेगळं आणि उजेड वेगळा. ऊन थेट सूर्याकडून येतं, तापवतं, डोळ्यावर येतं आणि तासाभरात सरकून दुसरीकडे जातं. दिवसभर कामाला लागतो तो उजेड आणि तो येतो आभाळाकडून. म्हणून एखाद्या जागी उजेड आहे का हे बघायचं तर तिथे बसून खिडकीतून आभाळाचा तुकडा दिसतो का ते बघायचं. दिसत नसेल तर तिथे पोचतोय तो समोरच्या भिंतीवर नाहीतर छतावर आपटून आलेला उष्टा उजेड.

खालचे कोन आणि वेळा पुण्याच्या हिशोबाने आहेत. मुंबईत जवळपास तेच, नागपूरला थोडे बदलतील.

## १. पहिले आठ दिवस कशालाही हात लावू नका

लागणारं सामान म्हणजे मास्किंग टेप, पेन, मोजपट्टी आणि घराचा हाताने काढलेला कच्चा नकाशा. बास.

एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, दहा, साडेबारा, तीन आणि पाच अशा वेळांना घरभर फिरा. जमिनीवर किंवा भिंतीवर कवडसा पडला असेल तर त्याच्या कडेला टेप लावा आणि टेपवर वेळ लिहा. साडेबारा का तर पुण्यात सूर्य दिवसातला सगळ्यात वर बाराला येत नाही, आपलं घड्याळ आपल्या पूर्वेच्या रेखांशावर लावलेलं आहे त्यामुळे इथे तो साधारण साडेबाराच्या पुढेमागे येतो, महिन्याप्रमाणे दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे.

मग जिथे जिथे काम होतं तिथे डोळे त्या पातळीला नेऊन बघा. ओट्यावर चिरायचा बोर्ड असतो तिथे वाका, मुलांच्या टेबलाशी मान टेबलाच्या उंचीला न्या. आभाळ दिसतंय का? किती, वीतभर का बोटभर? नकाशावर तिथे खूण करा. फुकटात होणारी ही एवढी तपासणी आहे आणि ती न करताच लोक हजारो रुपये घालतात.

फोनवर लक्स, म्हणजे उजेडाचं माप, मोजायचं अॅप टाकलंत तरी चालेल. आकडा खरा असेलच असं नाही पण एकाच फोनने एकाच दिवशी दोन जागा मोजल्या तर तुलना बऱ्यापैकी कळते. अंदाजासाठी सांगते, आयएस २४४० या भारतीय मानकाप्रमाणे स्वयंपाकघरात दिवसा साधारण २०० लक्स, अभ्यासाच्या खोलीत १५० आणि हॉलमध्ये ५० लक्स नैसर्गिक उजेड धरलेला आहे. हॉलला ५० च! आणि आपण सगळा खर्च हॉलवर करतो.

तपासा: आठ दिवसांत कुठल्या खोलीत कुठल्या वेळी दिवा लावावा लागला याची नोंद आहे का? नसेल तर पुढे जाऊ नका. "सगळं घरच अंधारं आहे" ही नोंद नव्हे. नोंद केली की बहुतेक वेळा कळतं की अंधार दोन-तीन जागांचाच आहे, ओटा, पॅसेज आणि डायनिंग टेबल.

## २. दिशा काढा, आणि महिने विसरू नका

फोनचं होकायंत्र खिडकीच्या ग्रिलजवळ धरून दिशा काढू नका, लोखंडामुळे सुई भरकटते. काँक्रीटच्या कॉलमशेजारीही तेच. गच्चीवर मधोमध उभं राहून काढा किंवा सॅटेलाइट नकाशात बिल्डिंग शोधून तिची बाजू उत्तरेशी किती तिरकी आहे ते बघा, हे जास्त खात्रीचं. वास्तू बघणाऱ्याने दिशा काढून दिली असेल तरी पुन्हा काढा. मला दोनदा चक्क वीस-पंचवीस अंशांचा फरक सापडलाय, आणि एवढ्या फरकात पश्चिमेची खिडकी नैर्ऋत्येची होते.

आता महिने. सूर्य पूर्वेला उगवतो हे मार्च आणि सप्टेंबरमध्ये दोनच दिवस नेमकं खरं असतं. जूनमध्ये तो पूर्वेच्या साधारण २५ अंश उत्तरेला उगवतो, डिसेंबरमध्ये तेवढाच दक्षिणेला. डिसेंबरच्या दुपारी तो दक्षिणेला ४८ अंशांवरच असतो म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार आत येतं. मार्चमध्ये दुपारी तो ७१ अंशांच्या वर गेलेला असतो. आणि मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत तर दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेलाच कललेला असतो.

याचा अर्थ काय, तर "उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही" हे आपल्याकडे मे महिन्यात खोटं ठरतं. सकाळी आणि संध्याकाळी येतं आणि चांगलं तापवतं. जानेवारीत घर बघून उत्तरेला मोठी काच लावलेले लोक मेमध्ये फोन करतात. उत्तर तरीही उजेडासाठी सगळ्यात सोयीचीच बाजू आहे, फक्त तिलाही थोडा छज्जा लागतो.

पावसाळ्याचं गणित आणखी वेगळं. पूर्ण ढगाळ आभाळ डोक्यावर सगळ्यात उजळ असतं, क्षितिजापेक्षा साधारण तिप्पट. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये खिडकीच्या वरच्या भागाला फार किंमत येते आणि नेमका तोच भाग आपण झाकून ठेवलेला असतो, त्यावर पुढे येतेच.

थांबा: एकाच ऋतूत बघून निर्णय घेताय का? वर्षभर थांबणं शक्य नसतं हे मान्य, तर सूर्याचा मार्ग दाखवणारं एखादं अॅप घ्या, तारीख १५ मे आणि २१ डिसेंबर टाका आणि प्रत्येक खिडकीशी उभं राहून बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

## ३. कुठे काय करता ते खिडकीच्या हिशोबाने बसवा

यात तोडफोड नाही आणि खर्चही जवळपास नाही, म्हणून हे इतक्या आधी.

खिडकीतून येणारा उजेड किती आत पोचतो याचा ढोबळ हिशोब असा की खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच त्याच्या दीडपट ते दुप्पट. लिंटेल, म्हणजे खिडकीवरची आडवी पट्टी, सात फुटांवर असेल तर दहा-अकरा फुटांपर्यंत चांगला उजेड, चौदाच्या पुढे संपला. नॅशनल बिल्डिंग कोडमध्ये साडेसात मीटरची हद्द आहे, म्हणजे खिडकीपासून तेवढ्या लांबपर्यंत खोली उजेडात आहे असं कागदावर धरता येतं, पण साडेसात मीटर म्हणजे जवळपास पंचवीस फूट, तिथे बसून कुणी सुईत दोरा ओवून दाखवावा.

म्हणून हॉल आणि डायनिंग एकामागे एक असलेल्या फ्लॅटमध्ये डायनिंग अंधारात जाणारच. तिथे अभ्यासाला मुलं बसत असतील तर टेबल पुढे आणा आणि टीव्ही मागे न्या. टीव्हीला उजेड नकोच असतो! आपल्याकडे मात्र खिडकीजवळची जागा सोफा आणि टीव्हीला आणि आई मागे कोपऱ्यात डोळे बारीक करून तांदूळ निवडतेय.

लिहिणाऱ्याच्या डाव्या हाताला खिडकी हवी, डावखुरा असेल तर उजव्या. पाठीमागे खिडकी असेल तर स्वतःचीच सावली वहीवर पडते, समोर असेल तर कॉम्प्युटरवर काम करताना डोळे दुखतात. कॉम्प्युटर आणि टीव्हीसाठी खिडकी बाजूला, काटकोनात.

तपासा: फर्निचर हलवून चार दिवस तसंच राहून बघा. बऱ्याच घरांत अर्धी तक्रार इथेच मिटते, आणि मग माझ्यासारखीचा धंदा बुडतो पण असो.

## ४. जे अडवून ठेवलंय ते मोकळं करा

सगळ्यात जास्त उजेड याच टप्प्यात मिळतो, त्यामुळे जरा सावकाश वाचा.

बॉक्स ग्रिल. मुंबईत आणि पुण्यातल्या जुन्या सोसायट्यांत खिडकीबाहेर दीड-दोन फूट काढलेली पेटी. मुळात ती कुंड्यांसाठी असते, मग तिथे जुने डबे येतात, मग कुलरची पेटी, मग पावसासाठी वरून पत्रा. तो पत्रा म्हणजे आभाळावर घातलेलं झाकण. खालचं सामान निदान अर्ध्याच खिडकीला अडवतं, वरचा पत्रा नेमका महत्त्वाचा तुकडा खातो. पत्रा काढून तिथे पारदर्शक पॉलीकार्बोनेटची शीट लावा, यूव्ही कोटिंगचीच घ्या, साधी शीट काही वर्षांत पिवळी पडते आणि मग पत्रा बरा होता असं वाटतं. एक मात्र नक्की, पेटीतलं सामान कमी केल्याशिवाय शीटचा पैसा घालू नका.

खिडकीचा वरचा फूट-दीड फूट. हा भाग सगळ्यात आतपर्यंत उजेड पोचवतो. आणि त्याच्यापुढे काय असतं? पडद्याचा पेल्मेट, खिडकीपर्यंत खाली आणलेलं फॉल्स सीलिंग, एसीचा पाइप झाकायची पीओपीची पेटी, स्वयंपाकघरात तर चक्क माळा. कोथरूडच्या एका जुन्या फ्लॅटमध्ये ओट्यासमोरच्या चार फुटी खिडकीवरून माळा गेलेला होता, त्यात वापरात नसलेली पितळी भांडी आणि मुलाची झोळी, मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला. खिडकी मोठी करायचं कोटेशन आधीच आलेलं होतं. आम्ही फक्त खिडकीसमोरचा माळ्याचा भाग कापला, सुताराचा एक दिवस गेला, आणि ओट्यावर दिवसा दिवा लागेनासा झाला.

फॉल्स सीलिंग करायचंच असेल तर खिडकीपासून निदान दोन-तीन फूट आधी थांबवा. तिथे मूळ स्लॅब पांढरी ठेवा.

जाळ्या आणि काचा. डासांची जाळी धूळ आणि तेलकटपणाने बुजते, स्वयंपाकघरात तर वर्षभरात तिच्या आरपार दिसेनासं होतं. जाळी काढून एक दिवस बघा, फरक नजरेलाच कळेल. धुवा, नाहीतर बदला. थ्री-ट्रॅक स्लायडिंगमध्ये जाळीचं शटर एका बाजूला सरकवून ठेवायची सवय लावा. बाथरूमच्या काचांवर चुन्यासारखा थर असतो तो व्हिनेगरने निघतो.

झाडं. खिडकीवर आलेली फांदी स्वतः तोडू नका, माळ्यालाही सांगू नका. शहरी भागात झाडांचं जतन करण्यासाठी राज्याचा १९७५ चा कायदा आहे, छाटणीलाही महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते. आणि झाड पश्चिमेला असेल तर परवानगी मागायच्याही भानगडीत पडू नका, त्याच्याइतकं चांगलं ऊन कुठलाच पडदा अडवत नाही.

डक्ट, म्हणजे बिल्डिंगमध्ये पाइपांसाठी सोडलेली अरुंद मोकळी जागा. स्वयंपाकघर किंवा बाथरूम डक्टमध्ये उघडत असेल तर तिथे आभाळ दिसणारच नाही, जो येतो तो समोरच्या भिंतीवरून. मग ती भिंतच पांढरी करा. सोसायटीला पत्र द्या, चार मजल्यांनी मिळून वर्गणी काढली तर कुणालाच जड जात नाही. हा उपाय सुचवला की लोक माझ्याकडे "एवढंच?" म्हणून बघतात. एवढंच.

थांबा: इथपर्यंत आल्यावर टप्पा १ ची तपासणी पुन्हा करा. त्याच वेळा, त्याच जागा, तोच फोन. आता जिथे अजूनही कमी पडतंय तेवढ्याच जागांसाठी पुढचा टप्पा आहे.

## ५. तोडफोड, लागलीच तर

प्रत्यक्ष कामात हे रंग, फर्निचर सगळ्याच्या आधी येतं, पण ठरवायचं मात्र वरचं सगळं करून झाल्यावरच.

आधी भिंत कसली आहे ते बघा. हल्लीच्या बऱ्याच उंच बिल्डिंग मिव्हान पद्धतीने बांधतात, त्यात आतल्या भिंतीसुद्धा सळई घातलेल्या काँक्रीटच्या असतात आणि बिल्डिंगचं वजन त्याच पेलतात. त्यांना हात लावायचा नाही म्हणजे नाही. छोटं ड्रिल मारून पूड बघा, लाल निघाली तर वीट, पांढरट निघाली आणि ड्रिल सहज आत गेलं तर हलका ब्लॉक, करडी निघाली आणि ड्रिल किंचाळत अडलं तर काँक्रीट. पण हा आपला अंदाज झाला. निर्णय स्ट्रक्चरल इंजिनिअरचा, लेखी. गवंड्याचा "काय होत नाय ताई" हा निर्णय नव्हे. जुन्या लोडबेअरिंग घरात तर विटेची भिंतही वजन घेते. फ्लॅटची बाहेरची भिंत असेल तर सोसायटी आणि पालिका दोन्हीकडे विचारावं लागतं.

वाढवायची तर वरच्या बाजूला वाढवा. खिडकी खाली जमिनीपर्यंत नेली तर बाहेरचं दिसतं छान पण खालच्या अडीच फुटांतला उजेड जमिनीवरच राहतो, टेबलावर किंवा ओट्यावर तो पोचत नाही. तेवढ्याच खर्चात लिंटेलच्या वर फूटभर उंचीचा व्हेंटिलेटर मिळत असेल तर तो घ्या. मध्ये बीम आला तर मात्र हात टेकायचे.

आतल्या भिंतींमध्ये काच. पॅसेज उजळवायचा सगळ्यात स्वस्त मार्ग म्हणजे बेडरूमच्या दारावर, चौकटीच्या वर, दुधी काचेचा पट्टा. जुन्या घरांत दारावर झरोका असायचाच, आपण तो विटांनी बुजवला. आवाजाचा त्रास होत असेल तर काच न उघडणारी ठेवा.

बंगला किंवा वरचा मजला असेल तर स्कायलाइट. इथे फार लोक फसतात. स्लॅबला भोक पाडून वर सपाट काच टाकतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर. खाली जिना नसून भट्टी होते. त्यापेक्षा स्लॅबच्या वर दोन-तीन फूट उचललेली पेटी करा आणि काच तिच्या उत्तरेच्या उभ्या बाजूला लावा, मुंबईच्या जुन्या कापडगिरण्यांच्या करवतीसारख्या छपरात असायची तशी. वर थोडा छज्जा काढा. उघडणारी ठेवलीत तर गरम हवाही तिथून निघून जाईल.

सपाट काच लावायचीच असेल तर डोक्यावरची काच लॅमिनेटेड हवी. नुसती टफन काच फुटली की तुकडे सरळ खाली पडतात, लॅमिनेटेडचे तुकडे मधल्या फिल्मला चिकटून राहतात. काचेभोवती काँक्रीटचा कठडा निदान सहा इंच उचललेला हवा, मी नऊ ठेवते. आणि आतलं पीओपी करायच्या आधी पाइपने चारी बाजूंनी तासभर पाणी मारून गळती बघा. पीओपी झाल्यावर कळलेली गळती कुणाच्याच बिलात बसत नाही, गवंडी काचवाल्याकडे बोट दाखवतो आणि काचवाला गवंड्याकडे.

कौलारू घर असेल तर वरचं सगळं विसरा आणि काचेची कौलं आणा. मंगलोरी कौलांच्या मापाचीच मिळतात, तीन-चार कौलांत आख्खं स्वयंपाकघर उजळतं. छपराच्या उत्तरेच्या उताराला घाला, बरोबर पलंगावर नको, नाहीतर सुट्टीच्या दिवशी कवडसाच उठवेल. जोडीला दोन जास्तीची आणून माळ्यावर ठेवा, कोकणात वानरांची टोळी येऊन गेली की कामाला येतात.

तपासा: इको निवास संहिता, २०१८ या घरांसाठीच्या ऊर्जा-बचतीच्या सरकारी नियमावलीत घराच्या कार्पेट एरियाच्या किती टक्के उघडणाऱ्या खिडक्या-दारं हवीत ते दिलंय. मुंबईसारख्या दमट हवेत १६.६६ टक्के, नागपूरसारख्या ठिकाणी १२.५. म्हणजे ६०० चौरस फुटांच्या मुंबईतल्या घराला १०० आणि नागपूरच्या घराला ७५ चौरस फूट. हा आकडा मुळात वाऱ्यासाठी आहे पण तोडफोड ठरवताना हाताशी असू द्या. दोन शटरची स्लायडिंग खिडकी अर्धीच उघडते हे धरून मोजा.

## ६. ऊन खिडकीच्या बाहेरच अडवा

आतला पडदा ऊन अडवतो तोवर उष्णता काचेतून आत आलेली असते. अडवायचं ते बाहेर.

दक्षिणेला साधा आडवा छज्जा उत्तम चालतो. दोन फुटांचा छज्जा मार्चमध्ये खाली सहा फुटांपर्यंत सावली देतो आणि डिसेंबरच्या दुपारी सव्वादोन फुटांपर्यंतच, म्हणजे उन्हाळ्यात ऊन बाहेर आणि थंडीत आत, आपोआप.

पश्चिमेला हाच छज्जा काही कामाचा नाही. एप्रिलमध्ये दुपारी साडेचारला सूर्य जेमतेम तीस अंशांवर असतो, दोन फुटांच्या छज्ज्याची सावली फक्त सव्वा फूट पडते आणि बाकीची खिडकी उघडी. तिथे उभ्या पट्ट्या, बाहेरून सोडलेले बांबूचे पडदे, जाळीवर चढवलेली वेल, किंवा झाड. माझ्याच घरात मी पहिल्यांदा पश्चिमेला मोठी काच घेतली होती, सूर्यास्त दिसेल म्हणून. पहिल्या एप्रिलमध्ये तिला आतून फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा लावला आणि तो दोन उन्हाळे तसाच होता. लोकांना शहाणपण सांगणाऱ्या बाईच्या घरी पुठ्ठा!

थांबा: छज्जा खोल करायच्या नादात आभाळ झाकू नका. उत्तरेला फूट-सव्वा फूट पुरतो. चार फुटांचा छज्जा काढून मग आत दिवे लावणारे पण आहेत.

## ७. काच आणि फिल्म

साधी पारदर्शक काच जवळपास ८८ टक्के उजेड आत सोडते. काचवाल्याकडे गेलात की तो रंगीत, आरशासारखी, निळसर अशी सगळी दाखवतो. तुम्ही दोनच आकडे विचारा. व्हीएलटी, म्हणजे उजेड किती आत येतो, आणि एसएचजीसी, म्हणजे उष्णता किती आत येते. पहिला जास्त आणि दुसरा कमी असलेली काच चांगली आणि ती महाग असते. पश्चिमेच्या एखाद्याच खिडकीला ती घ्या, घरभर नको.

गडद फिल्म लावली की उष्णतेबरोबर उजेडही जातो. वर सांगितलेल्या संहितेतच, खिडक्या बाहेरच्या भिंतींच्या ३० टक्क्यांपर्यंत असतील तर काचेचा व्हीएलटी निदान २७ टक्के हवा असं आहे. बाजारातल्या बऱ्याच गडद फिल्म त्याच्याही खाली जातात. समोरच्या बिल्डिंगमधून दिसतं म्हणून फिल्म लावत असाल तर ती खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागालाच लावा, तीही दुधी. वरचा भाग स्वच्छ ठेवा, तिथून तुम्हाला कुणी बघत नाही.

## ८. रंग आणि फरशी

रंगाने उजेड निर्माण होत नाही, आलेला उजेड फिरतो. म्हणून हा टप्पा आठवा.

आधी छत, अगदी पांढरं आणि मॅट. मग खिडकीच्या समोरची भिंत, कारण पहिला उजेड तिच्यावर पडतो. मग खिडकीच्या चौकटीच्या आतल्या बाजू, नऊ इंच भिंतीची जाडी असते ती, ती पांढरी केली की खिडकी आणि भिंत यातला भगभगीत फरक कमी होतो. पांढरा रंग साधारण ८० टक्के उजेड परत फेकतो, मध्यम करडा तीसेक टक्के, गडद निळा-तपकिरी दहाच्या आतबाहेर. तुमची आवडती गडद भिंत करायची तर खिडकी ज्या भिंतीत आहे ती नको आणि समोरची नको, बाजूची घ्या.

चकचकीत रंग आणि चकचकीत व्हिट्रिफाइड फरशी एकत्र नको, कवडसा पडला की सगळीकडून डोळ्यात जातो. ओट्याला काळा ग्रॅनाइट असेल तर आहे, काढू नका, पण वरच्या टाइल्स फिक्या घ्या.

थांबा: शेडकार्डवरून रंग ठरवू नका. दोन बाय दोन फुटांचा पट्टा अंधाऱ्या कोपऱ्यात लावून सकाळी आणि संध्याकाळी बघा. अंधाऱ्या खोलीत भगभगीत पांढरा रंग करडा आणि आजारी दिसतो, तिथे किंचित पिवळसर बरा. आणि रंगाआधी इलेक्ट्रिशियनशी बोलून घ्या, का ते पुढच्या टप्प्यात.

## ९. कपाटं, आरसे, पडदे आणि शेवटी दिवे

उंच कपाट खिडकीला लागून काटकोनात ठेवलं की ते आभाळ कापतं. उंच वस्तू खिडकीच्याच भिंतीला किंवा खोलीच्या अगदी मागे. हॉल आणि स्वयंपाकघराच्या मध्ये पार्टिशन हवंच असेल तर साडेतीन-चार फुटांवर थांबवा, वर मोकळं ठेवा.

आरसा खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर, खिडकीजवळ लावा. बरोबर समोर लावला तर त्यात आभाळ दिसतं खरं पण ऊन आलं की त्या खुर्चीत कुणी बसू शकत नाही. आणि आरशात काय दिसणार आहे ते आधी बघा, समोर डक्ट असेल तर आरशात दोन डक्ट.

पडद्याचा रॉड खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंना फूट-फूटभर लांब घ्या म्हणजे पडदा पूर्ण उघडल्यावर भिंतीवर जाईल, काचेवर राहणार नाही. आडोसा हवा असेल तर पातळ पांढरा पडदा दिवसा आणि जाड रात्री, दोन रॉड.

दिवे. इथे चूक होते ती वायरिंगची. हॉलचे सगळे दिवे एकाच बटणावर असतात, मग मागे अंधार झाला म्हणून खिडकीजवळचे पण लागतात. बटणं खिडकीला समांतर ओळींनी वेगळी करा, खिडकीजवळची ओळ एकावर, मागची दुसऱ्यावर. हे खोबणी पाडून वायर टाकायचं काम आहे म्हणून रंगाआधी ठरवायचं. मागच्या ओळीला दिवसा शोभेल असा चार हजार केल्विनच्या आसपासचा दिवा घ्या, एकदम पिवळा घेतला तर दुपारी खोलीचे दोन तुकडे दिसतात.

सगळं झाल्यावर टेप लावलेल्या त्याच जागी, त्याच वेळांना पुन्हा बसा. आणि जमलं तर पहिल्या मोठ्या पावसाच्या दिवशी, दुपारी तीनला, दिवे बंद करून एकदा ओट्याशी उभं राहून भाजी चिरून बघा.